बे त्रिक सहा : पाढ्यांची भाषा आणि हातातले गणित

लहान मुलांना गुणाकार कसा शिकवावा, हा प्रश्न वाङ्मयीन चर्चेच्या पानावर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आम्ही मराठीचे अध्यापक. गुणपत्रिकांच्या बेरजा सोडल्या तर गणिताशी आमचा रोजचा संबंध नाही. पण पाढे ही मराठीतली एक मौखिक रचना आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या इतक्या तोंडांनी म्हटली आहे की तेवढा प्रसार मराठीतल्या फार थोड्या रचनांच्या वाट्याला आला असेल. तिला लय आहे, ठरलेली शब्दकळा आहे, बोलीत इतरत्र न आढळणारी जुनी रूपे आहेत. लोकगीतांचा, उखाण्यांचा, म्हणींचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विभागांनी पाढ्यांकडे मात्र गणिताची मालमत्ता म्हणून पाहिले. गणितवाल्यांनी त्यांच्याकडे पाठांतराची बाब म्हणून पाहिले. परिणामी त्यांतल्या शब्दांचा अर्थ विचारण्याची जबाबदारी कोणाचीच उरली नाही.

प्राथमिक शिक्षणात गेली काही वर्षे दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत. एक म्हणतो, पाढे तोंडपाठ हवेत. आमच्या वेळी तीसपर्यंत येत असत. दुसरा म्हणतो, घोकंपट्टी पुरे. मुलांच्या हातात मणी, काड्या, खडे द्या, गुणाकार आपोआप समजेल. आमच्या मते दोन्ही पक्षांच्या नजरेतून एकच गोष्ट सुटते आहे, ती म्हणजे भाषा. खडे मांडल्याने गुणाकार समजत नाही. खडे मांडताना मूल जे वाक्य बोलते, त्या वाक्यातून तो समजतो. आणि असे वाक्य मराठीत नव्याने घडवावे लागत नाही. ते पाढ्यातच आहे, फक्त त्याचा अर्थ आपल्या ध्यानातून गेला आहे.

‘बे त्रिक सहा’ हे वाक्य घेऊ. ‘बे’ हे ‘द्वे’पासून प्राकृतातून आलेले दोनाचे रूप. रोजच्या मराठीने ते टाकून दिले. पाढ्यात आणि ‘बेचाळीस’सारख्या संख्यानामात ते टिकले. ‘त्रिक’ म्हणजे तीन नव्हे. त्रिक म्हणजे तिघांचा गट. ‘चोक’चे नाते ‘चतुष्का’शी, ‘पंचे’चे ‘पंचका’शी, ‘सक’चे ‘षट्का’शी आहे. ही सारी समूहवाचक नामे होत. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा वर्ग परका नाही. अष्टक म्हणजे आठ श्लोकांची रचना, सप्तक म्हणजे सात स्वरांचा संच, आणि दासबोधातला दशक म्हणजे दहा समासांचा गट. असे वीस दशक, म्हणून समास दोनशे. दासबोधाची अनुक्रमणिका हा वीस दाहे दोनशेचा उत्तम नमुना आहे. वर्गात दशक-समासाची रचना सांगताना आपण प्रत्यक्षात गुणाकारच सांगत असतो.

तेव्हा ‘बे त्रिक सहा’चा शब्दशः अर्थ, तिघातिघांचे दोन गट म्हणजे सहा. आता ‘तीन दुणे सहा’ घ्या. ‘दुणे’ हे ‘द्विगुण’चे रूप, म्हणजे तिनाची दुप्पट सहा. गंमत अशी की शब्दार्थ पाहिला तर ही दोन्ही वाक्ये एकाच मांडणीचे वर्णन करतात : तीन-तीनच्या दोन ओळी. शाळेत मात्र पहिले वाक्य दोनाच्या पाढ्यात येते, म्हणून ‘दोन तीन वेळा’ असे शिकवले जाते. दुसरे तिनाच्या पाढ्यात, म्हणून ‘तीन दोन वेळा’. मुलाला या दोन असंबद्ध गोष्टी वाटतात आणि दोन्ही वेगवेगळ्या पाठ कराव्या लागतात. त्याच्यासमोर सहा बिया तीन-तीनच्या दोन ओळींत मांडा आणि त्याला बसल्या जागेवरून उठून शेजारच्या बाजूला बसायला सांगा. आता त्याला दोन-दोनच्या तीन ओळी दिसतात. बी एकही हलली नाही. क्रमनिरपेक्षता हा जड शब्द ज्यासाठी योजला जातो ती गोष्ट इतकीच आहे. ती एकदा दिसली की दहापर्यंतच्या पाढ्यांचे शंभर गुणाकार पंचावन्नांवर येतात, कारण उरलेले पंचेचाळीस ही आधीच्यांची उलटी रूपे असतात.

इथे हातातल्या साहित्याचे खरे काम कळते. ते उत्तर मिळवण्याचे साधन नाही. उत्तर मोजूनही मिळते, आणि सहा चोकसाठी चोवीस खडे एकेक मोजणारे मूल गुणाकार करत नसतेच, ते मोजणी करत असते. साहित्याचे काम आहे ते गट डोळ्यांसमोर आणि बोटांखाली आणण्याचे. ‘सहा चोक किती?’ असे विचारल्यावर जे मूल ‘सहा एके सहा’पासून सुरुवात करते, त्याला पाढा हे एक अखंड गाणे म्हणून येते; त्यातली एखादी ओळ सुटी काढून ती वापरता येत नाही. भूपाळी पहिल्यापासून म्हटल्याशिवाय ज्यांना तिसरे कडवे आठवत नाही, त्यांच्यासारखीच ही अवस्था. गाणे मोडून ओळ हाती घ्यायची तर त्या ओळीचे चित्र मनात हवे.

शिर्डीसारख्या गावात अशी चित्रे शोधायला लांब जावे लागत नाही. मंदिराच्या परिसरातल्या दुकानांत पेढ्यांचे खोके उघडे असते. त्यात चार ओळी आणि दर ओळीत सहा पेढे असले तर सहा चोक चोवीस तिथे मांडलेलेच आहे. राहाता तालुका पेरूंसाठी प्रसिद्ध. पेरू क्रेटमध्ये थरांनी लावले जातात. एका थरात पाच ओळी, दर ओळीत सहा, असे तीन थर म्हटले की तीन संख्यांचा गुणाकार आला. पंगत बसते तेव्हा वाढपी पाने एकेक मोजत नाही. रांगा आणि रांगेतली माणसे पाहतो. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी तर या विद्येची जुनी शाळा आहे. ‘पंधरा ठिपके, पंधरा ओळी’ ही रांगोळीच्या पुस्तकातली सूचना म्हणजे गुणाकाराचीच भाषा. ज्या घरात गणिताचे नाव काढायला भीती वाटते त्या घरातली आजीही ती सूचना बिनचूक अमलात आणते. फुलांच्या हाराचेही तेच. शंभर मण्यांची, दहा-दहाच्या गटांत दोन रंग आलटून-पालटून ओवलेली माळ आज अनेक प्राथमिक शाळांत भिंतीवर टांगलेली दिसते. चार-चार मण्यांच्या उड्या घेत त्या माळेवर मूल चाळीसपर्यंत गेले की चाराचा पाढा त्याच्या बोटांतून जातो. ओवी हा शब्द ओवण्याशी जोडला जातो, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. पाढाही ओवलेलाच असतो, हे सांगायचे राहते.

मांडणीतून आणखी एक गोष्ट साधते, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे : गुणाकार फोडता येतो. सात आठे हा गुणाकार बहुतेक मुलांना नडतो. आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी कागदावर काढा आणि पाचव्या ओळीखाली एक काडी आडवी ठेवा. वर पाच आठे चाळीस, खाली बे आठे सोळा, एकूण छप्पन्न. मुलाने पाठ न केलेले उत्तर पाठ असलेल्या दोन उत्तरांतून उभे केले. उद्या ते विसरले तर पुन्हा उभे करता येईल. केवळ घोकलेले विसरले तर हातात काहीच राहत नाही.

हा विचार परदेशातून आला असे कोणी समजू नये. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ.स. ११५०च्या सुमारास, १३५ला १२ने गुणण्याचे उदाहरण आहे आणि ते सोडवण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. बाराचे आठ आणि चार असे खंड करा : १०८० आणि ५४० मिळून १६२०. किंवा बारा म्हणजे तीन गुणिले चार, म्हणून आधी तिनाने गुणून ४०५ आणि मग चाराने गुणून १६२०. किंवा स्थानांप्रमाणे, दहा आणि दोन असे वेगळे करून. एकाच उत्तराकडे जाणाऱ्या अनेक वाटा दाखवणारा हा ग्रंथ छंदोबद्ध आहे. त्यातली उदाहरणे कमळे, भुंगे, हंस, मोर अशा सृष्टीतून येतात आणि प्रश्न पुष्कळदा कोणाला तरी उद्देशून विचारलेला असतो. म्हणजे पाठांतर, प्रतिमा आणि उपपत्ती यांत भांडण आहे, हे आपल्या परंपरेने मानलेले नव्हते. ग्रंथ पाठ करायचा होता, आणि जे पाठ केले त्यानेच उत्तराच्या अनेक वाटा उघडायच्या होत्या.

मग पाढे निव्वळ घोकंपट्टीचे प्रतीक कसे झाले? याचे एक कारण आम्हाला बाजारात सापडते. जुन्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यायची. औट म्हणजे साडेतीन. ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे चौथा अर्धा, यावरून प्राकृत ‘अद्धुट्ठ’ आणि त्यावरून औट. अडीच आणि दीड यांची घडणही अशीच, तिसरा अर्धा आणि दुसरा अर्धा. संतवाङ्मयात देहाला औट हात म्हटलेले आपण वाचतो, औटघटकेचे राज्य ही उक्ती वापरतो, ओवीचे चरण साडेतीन मानतो. औटकी म्हणणाऱ्या मुलाला यांपैकी काहीही तळटीप देऊन समजावावे लागले नसते.

आणि या पाढ्यांना साहित्य होते. ते शाळेच्या कपाटात नव्हते, घरात आणि बाजारात होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. शेराला बारा आणे भावाने अडीच शेर गूळ घ्यायचा तर अडीचकीने तीस आणे, म्हणजे एक रुपया चौदा आणे. पाऊण मण म्हणजे तीस शेर, सव्वा मण म्हणजे पन्नास. सोळाचा पाढा म्हणजे रुपयांचे आणे करणे. पाढा पाठ करणारा मुलगा संध्याकाळी वाण्याकडे जाऊन त्याच पाढ्याला हात लावून येत असे. म्हणजे ज्याला आज आपण ‘कृतियुक्त अध्यापन’ म्हणतो ते गावात चालूच होते. शाळेने फक्त त्याची शब्दरूपे पाठ करून घ्यायची होती. पंतोजींची छडी आणि तिने उडवलेली धास्ती यांचा गौरव करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तशीच, ही शाळा सगळ्या जातींच्या आणि मुलींच्या वाट्याला आली नव्हती, हेही विसरता येणार नाही. मुद्दा एवढाच, की पाठांतराच्या पाठीमागे वस्तू होत्या.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनमापे आली. हा बदल आवश्यकच होता. पण त्याने पाढ्यांखालची जमीन काढून घेतली. शेर गेले, आणे गेले; पाऊणकी काही वर्षे शाळांतून म्हटली गेली आणि मग तीही गेली. उरलेले पूर्णांकांचे पाढे वस्तूंवाचून उरले. शिर्डीत आजही भाविक सव्वा किलो पेढे मागतात. किलोला चारशेचा भाव धरला तर सव्वा किलोचे पाचशे. सवायकीचा हा अवशेष भक्तीने टिकवला, अभ्यासक्रमाने टिकवला नाही. जे पाढे आज मुलांना निरर्थक वाटतात ते निर्मितीच्या वेळी निरर्थक नव्हते; त्यांचे विषय निघून गेले आणि शब्द मागे राहिले. कोणत्याही मौखिक वाङ्मयाच्या बाबतीत असे होते : जाते गेले की जात्यावरच्या ओव्या कार्यक्रमापुरत्या उरतात.

वस्तू पुन्हा शाळेत आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात कमी झाले नाहीत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. माँतेसोरी पद्धतीतली साधने सुबक होती : दहा मण्यांची काडी, शंभर मण्यांचा चौरस, हजार मण्यांचा घन. पण ती महागही होती. ताराबाईंनी आणि अनुताईंनी त्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे आणले. ही काटकसर होतीच, पण तिच्यात एक भाषिक निर्णयही होता असे आम्हाला वाटते. परक्या साधनाला मुलाजवळ नाव नसते, चिंचोक्याला असते. ज्या वस्तूला घरचे नाव आहे तिच्याविषयी मूल बोलते, आणि बोलते म्हणून विचार करते.

पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान आणि गणिताची साधने करण्याचे जे काम केले, त्यात केरसुणीच्या हिरांचे पाढे आहेत. तीन हीर आडवे ठेवायचे, त्यांवर चार उभे ठेवायचे. जिथे ते एकमेकांना छेदतात ते बिंदू मोजले की बारा. खर्च शून्य, आणि आडवे-उभे यांची अदलाबदल केली तरी बिंदू तेवढेच राहतात. एक हीरही नसला तर बिंदू कुठून येणार? शून्याने गुणल्यावर शून्य का, याचेही उत्तर त्यात आहे. पुढे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांचे प्रयोग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. जून २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगावी वर्गांच्या फरशा रंगल्या आणि बाटल्यांची झाकणे, आइस्क्रीमच्या काड्या, माळा वर्गात आल्या. शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून खर्च केला, रविवारी येऊन भिंती रंगवल्या. या श्रमांविषयी आम्हाला आदरच आहे.

तरी या चळवळीची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. साहित्य आले की पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात, अहवाल जातात. पुष्कळ ठिकाणी साहित्य हेच उद्दिष्ट होऊन बसते. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा मोहिमेतही शाळांना साहित्याचे संच मिळाले होते. मोडले-हरवले तर हिशेब द्यावा लागेल या भीतीने अनेक संच कुलूपबंद राहिले, ही गोष्ट त्या पिढीतले शिक्षक अजून सांगतात. आताचे साहित्य उघड्यावर आहे, पण ते मुके असण्याचा धोका आहे. मूल झाकणे मांडते, शिक्षक ‘शाबास’ म्हणतात, आणि वहीत ६ × ४ = २४ असे लिहिले जाते. झाकणांपासून त्या चिन्हापर्यंत जाताना मध्ये एक पायरी होती, ‘चार-चारचे सहा गट, म्हणजे सहा चोक’ असे मुलाने स्वतःच्या तोंडाने म्हणण्याची, ती गळली. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी समजुतीच्या वाटा तीन सांगितल्या : कृतीची, प्रतिमेची आणि चिन्हाची. आमची नम्र पुस्ती अशी की एका वाटेवरून दुसरीवर जायचा पूल बोलण्याचा असतो.

हा पूल नसला तर काय होते, याचे पुरावे आहेत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात कॅरहर आणि श्लीमान या संशोधकांनी १९८५ साली रस्त्यावर फळे आणि नारळ विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाड्यावर, गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशाच आकड्यांची संदर्भाशिवाय आकडेमोड दिली तेव्हा ३७ टक्केच. पस्तिसाला एक या भावाने दहा नारळांचे किती, असे विचारल्यावर एका मुलाने तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, अशा टप्प्यांनी ३५० काढले. म्हणजे ‘लीलावती’तली खंडांची रीत, शाळेबाहेर. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर ड्युफ्लो यांच्यासह काही संशोधकांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४००हून अधिक मुलांवर केलेले संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. बाजारात अवघड हिशेब सहज करणारी मुले शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितात अडली, आणि शाळेत पटाईत असलेली, बाजारात काम न करणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडली. दोघांकडे अर्धे-अर्धे गणित, आणि मध्ये कोणी दुभाषा नाही.

शिर्डी हे बाजाराचे गाव आहे. देवाच्या निमित्ताने सारा देश इथे येतो आणि त्याच्या पाठोपाठ पोटासाठी येणारी कुटुंबेही. हार, फुले, खेळणी यांच्या व्यापारात वावरणारी मुले इथल्या शाळांत आहेत. मुलांनी काम करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांची जागा शाळेतच आहे. पण दुकानात आईबापांशेजारी बसून जे त्यांना आले आहे, ते शाळेच्या दारात टाकून द्यायला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘वीस रुपयांचा एक हार, असे सात हार’ हे त्या मुलाच्या तोंडी असलेले वाक्य, आणि ‘२० × ७’ हे फळ्यावरचे चिन्ह, ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे त्याला कोणीतरी दाखवायला हवे. ते दाखवले नाही तर मूल आपण ‘ढ’ आहोत असे मानू लागते, आणि पाचवी-सहावीत शाळा सोडते तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटत नाही. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले. भागाकार म्हणजे उलट वाचलेला पाढा. ज्याच्या पाढ्यात गट नाहीत, त्याला तो उलट वाचता येणार नाही.

आता भाषेचा आणखी एक प्रश्न. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत सुचवली गेली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. विनोद झाले, विधिमंडळात चर्चा झाली. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. ‘गणितगप्पा’सारखे पुस्तक लिहिणाऱ्या या विदुषीचे २०२३ साली निधन झाले. त्यांचे म्हणणे समजून घेण्याइतका वेळ त्या वादात फार थोड्यांनी काढला. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, हे खरेच आहे. ‘एकोणचाळीस’मध्ये तर चाळिसातून एक वजा करायचा असतो. तेरा त्रिक एकोणचाळीस म्हणणाऱ्या मुलापुढे गुणाकार आणि वजाबाकी एकदम येतात. जोडाक्षरे आणि जुनी रूपे यांनी भरलेली ही नावे टिकावीत, असे आम्हाला मराठीचे अध्यापक म्हणून मनापासून वाटते. पण ती टिकवायची तर ती उलगडून सांगण्याचे काम आपले आहे. दहा-दहाचे चार गठ्ठे मांडून त्यांतली एक काडी बाजूला काढा; ‘एक ऊन चाळीस’ हे मुलाच्या हाताला कळेल. शब्दाचा अभिमान सभेत सांगायचा आणि त्याचा अर्थ वर्गात सांगायचा नाही, याने भाषा वाचत नाही.

त्या वादात तावातावाने बोललेला समाज दुसऱ्या एका बदलावर गप्प आहे. सेमी-इंग्रजीच्या नावाने गणित पहिलीपासून इंग्रजीत शिकवण्याचा प्रघात गावोगावी वाढला आहे. ‘टू थ्रीज आर सिक्स’ या वाक्यातही गट आहे. ‘थ्रीज’ या अनेकवचनात तो दडला आहे. इंग्रजी घरातल्या मुलाला तो ऐकू येतो. आमच्या मुलाला ‘थ्रीज’ हा एक नाद आहे. म्हणजे ‘बे त्रिक’चा अर्थ आपण विसरलो, आणि त्यावरचा उपाय म्हणून दुसरे एक वाक्य आणले, ज्याचा अर्थ मुलाला ठाऊकच नाही. इंग्रजी शिकू नये असे कोण म्हणेल? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. निदान गुणाकाराची समज येईपर्यंतची दोन-तीन वर्षे तरी मुलाच्या हातातल्या वस्तूला आणि तोंडातल्या शब्दाला एकच भाषा असू द्यावी. पालक इंग्रजीचा आग्रह का धरतात हे आम्हाला कळते. त्यामागे उद्याच्या भाकरीची चिंता आहे. पण ज्याला गुणाकारच आला नाही, त्याला तो इंग्रजीत येत नाही हा काही लाभ नव्हे.

या सगळ्यातून आम्ही काय मागतो? नवे संच, नवी योजना, नवा शासननिर्णय मागत नाही. मराठीच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत लोकसाहित्य शिकवताना पाढे हा मौखिक पाठ म्हणून घ्यावा, त्याची रूपे जमवावीत. खानदेशात, कोकणात, विदर्भात, सीमाभागात पाढे कसे म्हणतात, ‘सक’ कुठे ‘सख’ होतो, औटकी कोणाला येते, हे ती येणारी माणसे आहेत तोवर लिहून ठेवावे. शिक्षक होऊ पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी त्रिक, चोक, पंचे यांचे अर्थ जाणून वर्गात जावे. प्राथमिक शिक्षकांनी चिंचोके, हीर, ठिपके जरूर वापरावेत, आणि मांडणीनंतर मुलाला एवढेच विचारावे : ‘काय मांडलेस, सांग.’ मुलाने आपल्या बोलीत सांगावे, मग पाढ्याच्या भाषेत, मग चिन्हांत. त्यानंतर पाढा सगळ्यांनी मिळून, टाळी वाजवून, मोठ्याने खुशाल म्हणावा. अर्थ कळलेल्या गोष्टीचे पाठांतर हा मुलांच्या आनंदाचाच भाग असतो. कवितेच्या बाबतीत आपण हे केव्हाच मान्य केले आहे.

रोजच्या तासातली दहा मिनिटे या कामाला पुरतील. दोन ओळी, दर ओळीत तीन चिंचोके, आणि एक मूल सांगते आहे : ‘तीन-तीनच्या दोन ओळी, बे त्रिक सहा.’ एवढे ज्या वर्गात ऐकू येईल तिथे गणिताचा आणि मराठीचा, दोन्ही तास झाले असे समजायला आमची हरकत नाही.